मी तोकडा पडलो तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना शॉकअप आहे, आणि आधी एक कबुली देऊन टाकतो. माझे नाव चुकीचे आहे. पुस्तकात मला 'शॉक अॅब्सॉर्बर' म्हणतात, म्हणजे धक्के पिऊन टाकणारा. पण गॅरेजच्या दारात एवढे लांबलचक नाव घ्यायला वेळ कोणाला? घाईघाईत त्याचे 'शॉकअप' झाले. त्या शेपटीला चिकटलेल्या 'अप'ने माझा घात केला. 'अप' म्हणजे वर. लोकांना वाटते, गाडी वर उचलून धरतो तो मी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! मी आयुष्यात कोणालाही तसूभर वर उचललेले नाही.

गाडी पेलते ती स्प्रिंग. ती माझ्या शेजारी उभी असते, आणि तिचा स्वभाव उड्या मारण्याचा. एक खड्डा आला की ती दहा वेळा वर-खाली होते. तिला 'पुरे, पुरे, झाले ना आता' असे सांगून आवरणारा मी. माझ्या पोटात तेल असते, तेलात एक दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक भोके असतात. धक्का आला की त्या भोकांतून वाट काढताना तेलाची दमछाक होते आणि धक्क्याचा जोर जिरतो. जिरतो म्हणजे कुठे पळून जात नाही. त्याची ऊब होते. म्हणूनच काम करून आलेला शॉकअप हाताला गरम लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा पहिला धक्का कारखान्यातला. डोळे उघडतो न उघडतो तोच एका यंत्राने मला दोन्ही टोकांना पकडले आणि मिट-ताण, मिट-ताण असा छळ मांडला. काय अपराध केला होता मी? शेवटी एका माणसाने माझ्यावर पट्टी धरली आणि वहीत लिहिले: पूर्ण मिटल्यावर साडेतेरा इंच, पूर्ण ताणल्यावर एकवीस इंच. एकवीस म्हणजे एकवीस. त्यापुढे केसभरही नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे असे तुम्हाला घरी सांगत असतील. मला तर अंथरूणच एकवीस इंचाचे मिळाले आहे.

मला गाडीला जोडले ते मेस्त्रींनी. त्यांचे गॅरेज म्हणजे पत्र्याचे छप्पर, तेलाने काळी झालेली फरशी आणि एक भिंत, जिच्यावर प्रत्येक पान्याचे चित्र रंगवलेले. पाना काढला की त्याचे चित्र उघडे पडते आणि संध्याकाळी कोण घरी परतले नाही ते लगेच कळते. मेस्त्रींच्या कानावर पेन्सिल आणि कमरेला मोजपट्टी. कोणताही भाग लावण्याआधी ते दोनदा मोजत, आणि मग त्यांच्या तोंडून दोनच निकाल बाहेर पडत: 'बसतं' किंवा 'बसत नाही'. तिसरा निकाल मी कधी ऐकला नव्हता. लहानपणी खाऊची वाटणीसुद्धा ते फूटपट्टी लावून करायचे, म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीने त्यांचे नाव 'मापट्या' ठेवले होते. पन्नाशीला टेकलेल्या, मिशा पिकलेल्या माणसाला ती चारचौघांत 'ए मापट्या' अशी हाक मारी, आणि मेस्त्री निमूटपणे 'काय गं ताई' म्हणत पुढे येत.

मी ज्या जीपला लागलो ती या ताईंचीच. मी पुढच्या उजव्या चाकाला. माझी तीन भावंडे उरलेल्या तीन चाकांना. ताईंचा व्यवसाय मधमाश्यांचा. बारा लाकडी पेट्या होत्या त्यांच्याकडे. खाली फुले संपली की त्या पेट्या जीपमध्ये बांधायच्या आणि डोंगरावरच्या पठारावर न्यायच्या, कारण तिथली फुले उशिरा फुलतात. वेळेत गेले नाही तर माश्या उपाशी. आणि कसेही आदळत-आपटत गेले तरी घातच. पोळे मेणाचे असते आणि मधाने जड झालेले असते. एक मोठा हिसका बसला की ते चौकटीतून निखळते आणि खाली जे सापडेल ते चिरडते. खाली राणीमाशी असली तर सगळी पेटीच पोरकी होते.

त्या बारांतली एक पेटी निळी होती. रंगाचे पापुद्रे निघालेले, एका कोपऱ्याला पत्र्याची ठिगळे. ती ताईंच्या आणि मेस्त्रींच्या आईची. आई गेली तेव्हा दोघा भावंडांनी घरातली दुसरी एकही वस्तू मागितली नाही. पेटी ताईंनी सांभाळायची आणि तिच्यातला पहिला मध मेस्त्रींनी चाखायचा, एवढीच वाटणी झाली. माश्या बदलत गेल्या, राण्या बदलत गेल्या, पण लेकीमागून लेक असे करत वंश तोच राहिला होता. ती पेटी जीपमध्ये नेहमी उजव्या बाजूला, माझ्या मागे बांधली जाई. मला त्याचा अभिमान वाटे. खोटे कशाला बोलू, खूप वाटे.

नऊ वर्षे मी ते ओझे नेले. दगड, चर, ओढे, सगळे गिळले आणि ढेकरही दिला नाही. गाडी परत आली की मेस्त्री आधी खाली वाकत आणि आम्हा चौघांना एकेक करून हात लावत. "गरम आहे तो राबतोय, गार आहे तो मेला," हे त्यांचे शास्त्र. माझ्यावर हात ठेवून "वा रे पठ्ठ्या" म्हणत. ताई म्हणत, "माझ्या माश्यांना याच्या भरवशावर झोप लागते." एका लोखंडी नळीने याहून जास्त कौतुकाची अपेक्षा ठेवू नये.

पुढे एका वर्षी पठाराच्या वाटेवर डोंगराची कड घसरली. वाटेच्या मधोमध गुडघाभर उंचीची एक कातळपायरी उघडी पडली. पहिल्याच फेरीत जीपचे पोट त्या पायरीवर असे काही घासले, की मला वाटले गाडीचे दोन तुकडे झाले. ताईंनी गाडी मागे घेतली आणि पेट्या परत खाली आणल्या. आता एकच उपाय होता. जीप उंच करायची.

आणि इथे दाजी आले.

दाजी म्हणजे ताईंचे यजमान. मेस्त्री त्यांना दाजी म्हणत, म्हणून गॅरेजमध्ये येणारे झाडून सगळे त्यांना दाजीच म्हणत. माणूस मनाने सोन्यासारखा. पण बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीत तीस वर्षे काढून नुकताच निवृत्त झालेला. अमुक गाडी कधी सुटेल, तमुक रस्ता चालू आहे का, विचारा आणि उत्तर घ्या. उत्तर बरोबर असेलच असे नाही, पण उत्तर यायचेच. "तीस वर्षांत 'माहीत नाही' हे शब्द या तोंडातून बाहेर पडले नाहीत," असे ते छातीवर हात ठेवून सांगत. खिडकी सुटली होती, पण सवय सुटली नव्हती. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दाजींनी स्वतः जाऊन तीन इंच उंच स्प्रिंगा आणल्या. तेही बायकोच्या काळजीपोटीच, हे मी कबूल करतो. मेस्त्रींनी दोन दिवस खपून त्या बसवल्या. माझ्या शेजारची जुनी स्प्रिंग काढून कोपऱ्यात टाकली. नऊ वर्षांची शेजारीण, आणि निरोपाचे दोन शब्दही नाहीत. तिच्या जागी एक उंच, ताठ, नवी स्प्रिंग येऊन उभी राहिली. जीप जमिनीवर उतरवली तेव्हा मी पाहिले, की नुसता उभा असतानाच मी वीस इंच ताणलो गेलो आहे. पूर्वी चाक खड्ड्यात खाली जायला माझ्यापाशी चार इंचांची सवड होती. आता उरला होता एक इंच. एक!

मेस्त्रींच्याही ते ध्यानात आले होते. त्यांनी जॅक लावून चाक अधांतरी केले, मोजपट्टी धरली. एकवीस. मी टोकाला लागून कडक झालो होतो आणि चाकाचा सगळा भार मला लोंबकळत होता. मेस्त्री उठले.

"दाजी, स्प्रिंगा झाल्या. आता शॉकअप लांब घ्यावे लागतील. हे तोकडे पडतात."

"तोकडे पडायला ती काय माझी पँट आहे?" दाजी म्हणाले. गाडी दुरुस्तीला आलेले दोन टेम्पोवाले बाकावर बसले होते, ते खो-खो हसले. हशा मिळाल्यावर दाजींना चेव आला. "हे बघ मेस्त्री, नीट विचार कर. शॉकअप म्हणजे काय? अप. वर करणारा. आता वर करायचं काम कोणी केलं? स्प्रिंगने. मग याला काम उरलं किती? उलट कमीच झालं की! म्हातारा माणूस आहे, बसू दे त्याला आरामात. मी नाही का बसलो?"

मित्रांनो, मी थक्क झालो. एका चुकलेल्या नावाच्या शेपटीवरून एवढा मोठा मनोरा कोणी रचू शकतो, हे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण मला भरवसा होता. आता मेस्त्री म्हणतील, 'बसत नाही'. त्यांच्या ओठांवर ते आलेही होते, मी पाहिले.

मेस्त्रींनी दाजींकडे पाहिले. मग बाकावरच्या टेम्पोवाल्यांकडे पाहिले. बहिणीचा नवरा, त्याला चारचौघांत खोटे पाडायचे नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेले. त्यांनी मोजपट्टी गुंडाळली, मान खाली घातली आणि म्हणाले,

"चालेल."

माझ्या पोटातले तेल जागच्या जागी थिजले. चालेल? हा कुठला शब्द? 'बसतं' नाही, 'बसत नाही' नाही, 'चालेल'! नऊ वर्षांत हा शब्द या माणसाच्या तोंडून मी ऐकला नव्हता. दारात उभ्या असलेल्या ताईंनीही तो ऐकला. माश्यांपासून तोंड झाकणाऱ्या हॅटची जाळी गुंडाळता गुंडाळता त्यांचे हात थांबले.

"काय म्हणालास?"

"चालेल म्हटलं. फक्त सावकाश जा, ताई. पायरीवर अगदी सावकाश."

 ताई काहीतरी विचारणार असे वाटले. मग त्यांनी जाळी पुन्हा गुंडाळायला घेतली. पठारावरची फुले आणखी आठ-दहा दिवसांचीच होती, आणि खाली माश्यांना खायला काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. माश्या पहाटे घरात असतात, तेव्हाच पेट्यांची दारे जाळीने बंद करायची असतात. बारा पेट्या मागे दोरांनी बांधल्या होत्या. निळी पेटी माझ्या मागे. ताई चालवत होत्या, दाजी शेजारी बसले होते आणि गाडी किती उंच दिसते याचे कौतुक करत होते.

सपाटीवर निभावले. चढ लागला आणि माझे हाल सुरू झाले. चाक जरा कुठे चरात उतरले की मी टोकाला जाऊन आपटत होतो. खट्. पुन्हा खट्. धक्का पिण्यासाठी पोटात जागाच नव्हती. तो सरळ माझ्या हाडांना लागत होता. मी ओरडत होतो, पण शॉकअपचे ओरडणे म्हणजे फक्त तेवढाच आवाज.

"कसला आवाज येतोय हो?" ताईंनी विचारले.

"नवीन स्प्रिंग आहे, बसतेय जागेवर," दाजींनी सांगितले. उत्तर तयारच होते.

कातळपायरी आली. ताईंनी गाडी अगदी मुंगीच्या पावलांनी वर घेतली. पोट घासले नाही! दाजींनी टाळी वाजवली. पुढची चाके पायरीवरून पलीकडे उतरू लागली, आणि पलीकडे एक खोलगट घळ होती. माझे चाक हवेत गेले. स्प्रिंग आनंदाने लांब झाली, तिला हवे तेवढे जाता येत होते. पण तिच्याबरोबर मला कुठे जाता येत होते? एकवीस इंच संपले. चाक, त्याचा आस, सगळे धूड माझ्या एकट्याच्या जिवावर टांगले गेले. धक्के पिण्यासाठी जन्मलेल्या माझा त्यांनी दोर करून टाकला होता. माझ्या वरच्या कडीतला रबर फाटला, आतला दांडा उपसला गेला, खालची कडी तुटली, आणि काय झाले ते कळायच्या आत माझे तेल कातळावर पसरले होते.

त्यानंतरचे मी जमिनीवर पडून पाहिले. आवरणारा कोणी न राहिलेली स्प्रिंग उधळली. जीपचे नाक वर-खाली, वर-खाली होऊ लागले आणि ताईंनी ब्रेक दाबूनही ते थांबेना. मागचा एक दोर तुटला. एक पेटी घरंगळली, तिने दुसरीला ढकलले, आणि निळी पेटी फळीवरून थेट दगडावर कोसळली. तिचे झाकण उडाले. आवाज लाकडाचा नव्हता, ओल्या कशाचा तरी होता.

माश्या बाहेर आल्या. दाजींना नाकावर, कानावर आणि मानेवर प्रसाद मिळाला. ते हातवारे करत लांब पळाले, परत आले, तडकाफडकी खाली वाकले आणि मी दिसताच गरजले, "हा शॉकअपच भिकार निघाला! कुजका माल!" आणि त्यांनी मला पायाने लाथाडले.

चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. मला राग यायला हवा होता. पण मी इतका हादरलो होतो, की राग यायलाही बळ नव्हते.

 ताई माझ्याजवळ गुडघ्यांवर बसल्या आणि भावाचे पाहून पाहून लागलेल्या सवयीने माझ्यावर हात ठेवला. ठेवला आणि चटकन मागे घेतला. बोटे भाजली होती.

"गरम आहे हा," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत राबत होता, अहो. लाथ मारू नका त्याला."

मग त्या निळ्या पेटीकडे गेल्या. माश्यांना शांत करणारा धुराचा डबा पेटवायचेही त्यांना सुचले नाही. उघड्या हातांनी त्यांनी चौकटी एकेक करून बाजूला केल्या. तिसऱ्या चौकटीतले पोळे निखळून चिरडले होते, नवी राणी घडवता आली असती अशी अंडीही त्यातच गेली होती. त्याच्याखाली राणी सापडली, मेलेली. ताईंनी तिला तळहातावर घेतले, आणि वाचलेल्या माश्या त्या तळहाताभोवती गोळा होऊ लागल्या. एकही चावली नाही. ताईंचा हात मधमाश्यांनी झाकून गेला आणि त्या तशाच बसून राहिल्या. आईचा वंश संपला होता. इतकी वर्षे एका घरातून दुसऱ्या घरात, एका राणीकडून दुसरीकडे आलेला. तो माझ्या तीन इंचांच्या तोकडेपणात संपला. मला तो आघात आजही जिरवता आलेला नाही.

उरलेल्या पेट्या ताईंनी पठारावर नेऊनच ठेवल्या, माणसाच्या चालीने गाडी हाकत. पोरक्या माश्या त्यांनी दुसऱ्या एका पेटीत मिसळल्या. परतीच्या वाटेवर दाजी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचे नाक सुजून केवढे झाले होते, पण मला वाटते कारण ते नव्हते.

दुपारी ताई गॅरेजमध्ये शिरल्या. एका हातात मी, दुसऱ्या हातात काड्यापेटी. मेस्त्री एका टेम्पोखाली होते, सरपटत बाहेर आले. ताईंनी मला टेबलावर ठेवले आणि माझ्या शेजारी काड्यापेटी उघडून ठेवली. आत राणी होती.

मेस्त्रींनी आधी बहिणीला आपादमस्तक पाहून घेतले, कुठे लागले तर नाही ना. मग काड्यापेटीत पाहिले. मग माझ्यावर हात ठेवला. आता मी गार झालो होतो.

"मापट्या," ताई म्हणाल्या, "तू कधीपासून 'चालेल' म्हणायला लागलास?"

मेस्त्रींचा चेहरा उतरला. "मला ठाऊक होतं गं, ताई. एकच इंच उरला होता. मी मोजला होता."

"मग?"

"दाजींसमोर कसं बोलणार? लोक बसले होते."

"त्यांचा मान राखलास. आणि आईची पेटी?"

मेस्त्री बाकावर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकले आणि लहान मुलासारखे रडू लागले. एवढा थोराड माणूस. ताई त्यांच्या शेजारी बसल्या, आणि त्यांनी जे सांगितले त्याने मला दुसऱ्यांदा तोडले.

"मला कळलं होतं रे. तू 'चालेल' म्हणालास तेव्हाच कळलं होतं, काहीतरी चुकतंय म्हणून. मी पण गप्प बसले. फुलं संपत आली होती ना."

दारात दाजी उभे होते. कधी आले होते कोण जाणे. त्यांनी सगळे ऐकले होते. मी वाट पाहत होतो, आता एखादे उत्तर येईल. आले नाही.

चार दिवसांनी जीप पुन्हा गॅरेजमध्ये उभी राहिली. नवे शॉकअप निवडायचे होते. दाजींना अजूनही वाटत होते, की जितका लांब तितका चांगला. तेवढे मात्र ते बोलून गेले. मेस्त्रींनी या वेळी मान खाली घातली नाही. त्यांनी मोजपट्टीचे एक टोक दाजींच्या हातात दिले.

"दाजी, तुम्ही वरचं टोक धरा. मी खालचं धरतो."

आधी चाक अधांतरी सोडून मोजले, म्हणजे शॉकअप किती ताणला जाईल ते कळते. मग चाक खालून जॅकने वर दाबत दाबत, स्प्रिंगजवळच्या रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत नेले आणि पुन्हा मोजले. "हे दुसरं माप लोक विसरतात," मेस्त्री म्हणाले. "नुसता लांब घेतला आणि पुरता मिटला नाही, तर खड्ड्यात तो आतून फुटतो. ताणून पुरला पाहिजे आणि मिटून मावलाही पाहिजे." दाजींनी आकडे स्वतःच्या हाताने लिहून घेतले, आणि लिहिताना दोनदा विचारले.

मग तीन प्रकारचे शॉकअप समोर ठेवले. एक लालभडक, फार कडक, शर्यतीच्या गाड्यांचा. दाजींची नजर तिथे गेली आणि त्यांनी ती स्वतःच मागे घेतली. एक अगदी मऊ. ताईंनी प्रत्येकाचा दांडा हाताने दाबून पाहिला, सोडून पाहिला, तो किती सावकाश वर येतो ते पाहत राहिल्या. "कडक नको. दगडाचा धक्का तसाच्या तसा पेटीत जाईल. मऊ पण नको, अकरा पेट्यांचं वजन आहे." त्यांनी मधला राखाडी उचलला. मेस्त्रींनी त्यावर पट्टी धरली. ताणून धरली, मिटवून धरली. 

"बसतं," मेस्त्री म्हणाले.

तो शब्द ऐकून मला किती हायसे वाटले, काय सांगू. आणि माझ्या जागेवर दुसरा आला याचे दुःखही झाले. दोन्ही खरे आहे.

मला मेस्त्रींनी भंगारात टाकले नाही. त्यांनी करवतीने मला उभे चिरले. त्या क्षणी माझी पाचावर धारण बसली होती. पण चिरून झाल्यावर त्यांनी मला पुसून, भिंतीवर पान्यांच्या चित्रांशेजारी लावले, पोटातला दट्ट्या आणि त्याची बारीक भोके सगळ्यांना दिसतील असा. माझ्या खाली ती रिकामी निळी पेटी आहे. तुमच्या शाळेची सहल गॅरेज पाहायला येते तेव्हा मेस्त्री तुम्हाला माझ्यासमोर उभे करतात. तुम्ही मला हात लावता आणि म्हणता, "गार आहे." हो, गार आहे.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी गाडी असो, सायकल असो, नाहीतर दाराची नुसती बिजागरी असो. जी वस्तू गप्प राहून तुमचे धक्के सोसते, तिला अधूनमधून हात लावून पाहा. तिचे नाव काय आहे त्यावर जाऊ नका, ती काय काम करते ते पाहा. ती खट् म्हणाली तर थांबा. आणि ज्याच्या हातात मोजपट्टी आहे त्याने, समोर कोणीही उभे असो, माप मोठ्याने सांगावे. मला तोकडेपणाने मारले नाही. एका शब्दाने मारले.

आता शेवटचा धक्का सांगतो. परवा गॅरेजच्या दारात एक अनोळखी जीपवाला थांबला. मेस्त्री आत हात धूत होते, ताई निळ्या पेटीला नवा रंग देत होत्या. त्यांच्या एका पेटीतून नुकताच माश्यांचा एक लहान थवा फुटला होता आणि त्याला घर हवे होते. दारात खुर्ची टाकून दाजी बसले होते. जीपवाल्याने त्यांनाच विचारले, "काका, गाडी तीन इंच उचलली तर जुने शॉकअप चालतील का हो?"

ताईंचा कुंचला थांबला. आतला नळ बंद झाला. दाजींनी तोंड उघडले. तीस वर्षांची सवय त्यांच्या घशाशी आलेली मला दिसली. त्यांनी वळून भिंतीकडे पाहिले, माझ्या चिरलेल्या पोटाकडे.

"मला माहीत नाही," दाजी म्हणाले. "आमच्या मेस्त्रींना विचारा."

माझ्या पोटात आता तेलाचा एक थेंबही नाही. हा धक्का मी कशात जिरवू?